श्वास थांबतो की धावतो

४ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच केरात टाकशील, म्हणून पत्ता शेजारच्या शिक्षिकाबाईंकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. सहा वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

पत्ता काकूंनी दिला. फोन नंबर मात्र द्यायला तयार नव्हत्या. "तिनं नको म्हणून बजावलंय, मला मध्ये घेऊ नकोस," म्हणाल्या. तू परिचारिका झालीस आणि लहान मुलांच्या वॉर्डात असतेस, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मुलांच्याच वॉर्डात.

मला मुलगी झाली, ताई. सोळा महिन्यांची आहे. तेव्हा तुला कळवायला धीर झाला नाही. घरात सगळे तिला ठकी म्हणतात.

ठकी रडली की निळी पडते. गाल लाल, मग जांभळट, मग ओठांभोवती निळं, नखं निळी, आणि शेवटी मान टाकते. मिनिटभरानं डोळे उघडते आणि खेळायला लागते. आमचे डॉक्टर म्हातारे आहेत, भला माणूस. ते म्हणतात, काही मुलं रडता रडता श्वास रोखून धरतात, त्यातून असं होतं. दिसायला भयंकर, पण धोका नाही, चार-पाच वर्षांची झाली की आपोआप थांबतं. रक्त थोडं कमी आहे म्हणून लोहाचं औषध दिलंय. सासूबाईंनी तर निकालच लावून टाकलाय, "हट्ट आहे नुसता. तुम्ही तिला डोक्यावर बसवलीये." ठकीच्या बाबांचा डॉक्टरांवर विश्वास आहे. शिवाय पहाटे तीनला त्यांना बेकरीच्या भट्टीवर उभं राहायचं असतं, त्यांना तरी किती घाबरवू?

मी अजून रंगशाळेतच आहे, तुकडे जुळवायच्या खोलीत. गिऱ्हाईक बोटाएवढी चिंधी पाठवतं आणि आम्ही त्याच रंगाचं हजार मीटर कापड काढून देतो. तेव्हा निदान रंगाच्या बाबतीत मला कुणी वेडं ठरवू नये. मी खोलीतली रंगपट्टी घरी आणली आणि प्रत्येक वेळी ओठांचा रंग पट्टीवरच्या आकड्यानं लिहून ठेवला. तीन महिन्यांत अकरा नोंदी झाल्या. डॉक्टर वही बघून हसले. यादी सोबत जोडली आहे.

तू असली मुलं रोज बघतेस. हे नुसतं श्वास रोखणं आहे ना? एवढंच सांग.

धाकटी

१३ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. वर नाव नाही, खाली सही नाही. तरी मी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चारदा वाचलं.

"रंगाचे आकडे मला पाठवू नकोस. श्वास बघ. निळी पडताना श्वास थांबतो की धावतो? न रडता कधी निळी पडली का? चालता चालता मध्येच खाली बसते का? डॉक्टरांनी ती झोपेत असताना छाती ऐकली आहे का?"

आधी मला रागच आला. इतक्या मेहनतीनं यादी केली आणि तू ती एका ओळीत उडवून लावलीस. मग वही उघडली. अकरा नोंदींत श्वासाबद्दल एक शब्द नाही. आठवायला गेले तर आठवेचना. मी अकराही वेळा नुसती तिच्या ओठांकडे बघत होते. दुसऱ्या कुठल्याही आईला छाती दिसली असती. मी मेली रंग जुळवत बसले.

तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून बघते आहे. शनिवारी सकाळी झालं. दूध पिऊन झालं होतं, पॉटीवर बसली होती, रडणं-बिडणं काही नव्हतं. जोर केला आणि निळी पडली. श्वास थांबला नाही, ताई. धावत होता. छातीचा पिंजरा वर-खाली, नाकपुड्या फुललेल्या, दम लागलेल्या माणसासारख्या. ती रडली ती नंतर, घाबरून.

आणि हो, बसते. दारापासून पलंगापर्यंत चालली की मध्येच उकिडवी बसते, गुडघे पोटाशी घेऊन, थोडा वेळ टुकूटुकू बघते आणि उठते. आम्हाला ते गोड वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, "बघा बाई कशी बसलीये, जशी काय भाजी विकायला बसलीये." मीही हसायचे.

झोपेत छाती कुणी ऐकलेली नाही. डॉक्टरांच्या गळ्यातली नळी दिसली की ती टाहो फोडते, त्यात त्यांना काय ऐकू येणार? एकदा म्हणाले होते, "हृदयात बारीक आवाज येतोय खरा, पण पुष्कळ मुलांना येतो आणि त्यात काही नसतं." मग विचारलं, "घरात कुणाला जन्मापासून हृदयाचा त्रास? जवळच्या नात्यात एखादं तान्हं मूल गेलेलं?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग काळजीचं कारण नाही.

आता तू सांग, हे काय आहे ते.

धाकटी

१९ फेब्रुवारी

ताई,

तू विचारतेस, डॉक्टरांना मी 'नाही' असं का सांगितलं. तुझ्या टिल्लूच्या कागदावर न्यूमोनिया लिहिलेलं होतं. न्यूमोनिया म्हणजे छाती, हृदय नव्हे. मी कागदावर होतं तेच सांगितलं.

त्याखाली तू आणखी एक प्रश्न लिहिलास, आणि पेन इतकं दाबून की कार्डाच्या मागे उमटलाय. "माझी मुलगी तुझ्याकडे असताना निळी पडली होती का?"

हे तू मला तेव्हाही विचारलं होतंस. तेव्हा दिलं तेच उत्तर आहे. नाही.

मी माझ्या मुलीबद्दल विचारते आहे आणि तू जुनी उखाळीपाखाळी काढतेस. टिल्लू गेल्यावर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, की मी तिला रडू दिलं, उचलून घेतलं नाही. मी म्हटलं, तुझी मुलगी होतीच रडकी. ते मी बोलायला नको होतं, मान्य. पण तूही काही कमी बोलली नाहीस. दिवसभर मी तिला सांभाळायचे आणि रात्रपाळी करायचे, तू कामाला जायचीस, आणि शेवटी वाईट मीच. असो.

ठकीला हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे न्यावं म्हणून घरात विषय काढला. ठकीचे बाबा म्हणाले, "आपल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर जाऊ. उगाच पोरीला सुया टोचून घ्यायच्या का?" आणि डॉक्टर म्हणतात, घराण्यात काही नाही, कारण नसताना चिठ्ठी कशी देऊ.

मी काय करू ते लिही.

धाकटी

२२ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र पोचलं असेल तर ते फाडून टाक. त्यात मी खोटं लिहिलं.

काल ठकी चार मिनिटं निळी होती. घड्याळात बघितलं. श्वास धावत होता आणि रंग उतरायचं नाव घेत नव्हता, मग अंग लुळं पडलं. सासूबाईही घाबरून रडायला लागल्या. मी तिला घेऊन जमिनीवर बसले, आणि ती मांडीवर असताना मला दुसरंच मूल दिसत होतं. आता सांगते. एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा पळवाट शोधीन.

टिल्लू आठ महिन्यांची असताना मी तिला दुपटं शिवलं होतं, आठवतं? निळं. रंगशाळेतल्या नापास मालातलं कापड होतं. तू विचारलंस, रंग जाणार नाही ना, लेकरू तोंडात घालतं. मी तोऱ्यात म्हटलं, "माझ्या हातचा रंग आहे, पक्का आहे."

ती जायच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. सकाळी ती माझ्याकडे खूप रडली. मी पोळ्या लाटत होते. थकेल आणि गप्प होईल म्हणून उचललं नाही. गप्प झाली तेव्हा बघायला गेले. दुपट्याचं टोक तिच्या मुठीत होतं, आणि तिचे ओठ निळे, बोटं निळी. माझ्या मनात काय आलं असेल? रंग सुटला. नापास माल तो, कच्चाच निघाला, आणि आता ताई मला बोलणार. माझी भाची निळी पडली होती आणि मला माझ्या हातच्या रंगाची लाज वाटत होती.

ओल्या फडक्यानं मी तिचे ओठ पुसले, बोटं पुसली. आणि, ताई, फडकं पांढरंच राहिलं. काहीही उतरलं नाही. ज्या बाईचं पोट रंगावर चालतं तिला यातून काय ते कळायला हवं होतं. मला कळलं नाही असंही नाही. क्षणभर मी ते फडकं उजेडात धरून बघितलं. तेवढ्यात तिचा रंग परत आला, ती हसली, आणि मी तो विचार झटकला. दुपटं धुवून कपाटात तळाशी दडपलं. त्या आठवड्यात आणखी दोनदा झालं. तेव्हा तर दुपटंही नव्हतं.

तुलाही घरी काहीतरी दिसलं होतं. तू मला विचारलंस, "तुझ्याकडे कधी निळी दिसते का गं?" मी नाही म्हटलं. आता हो म्हणावं तर आधी का सांगितलं नाहीस, हे आलंच. म्हणून नाही. पुढे प्रत्येक वेळी नाही.

आज सकाळी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. ठकीच्या बाबांना शेजारी बसवून सांगितलं. ते पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टरांनी ठकीचा कागद पुन्हा उघडला. मग म्हणाले, "भाचीला असलं म्हणजे हिला असेलच असं नाही. पण तुम्ही तेव्हा नाही म्हणालात आणि मी तेवढ्यावर थांबलो. चूक माझीही आहे." मग आम्ही ठकी झोपेपर्यंत त्यांच्या बाकावर बसून राहिलो. ती झोपल्यावर त्यांनी नळी हातात चोळून ऊबदार केली आणि छातीला लावली. दुसऱ्या मिनिटाला चिठ्ठी लिहायला घेतली.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडानं मागू? तुला खरं कळावं म्हणून लिहिलं.

धाकटी

६ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. यायला हवं असंही नाही. पण ही गोष्ट तुझ्यामुळे कळली, म्हणून कळवते.

हृदयाची सोनोग्राफी झाली. जन्मतःच दोष आहे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे, आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे. ती वाट एकदम आवळली की रक्त फुप्फुसाकडे जायचंच सोडतं, भोकातून भलतीकडे वळतं आणि तसंच अशुद्ध अंगभर फिरतं. म्हणून ती निळी पडते. इथल्या हृदयरोगाच्या डॉक्टर बाई तरुण आहेत, भराभर बोलतात. मी विचारलं, मग आमच्या डॉक्टरांना हे दुसरंच का वाटलं? त्या म्हणाल्या, "लांबून दोन्ही सारखीच दिसतात. श्वास रोखणारं मूल आधी रडतं, मग श्वास थांबतो, मग निळं पडतं. हिचा श्वास थांबत नाही, उलट वाढतो. आणि आणखी एक. असा झटका आला की हृदयातला आवाज कमी होतो. वाटच बंद, तर आवाज कुठून येणार? म्हणजे ती रडून निळी पडल्यावर कुणी ऐकलं, तर आवाज नाहीसा झालेला असतो." मला वाटलं, हे मूल डॉक्टरांसमोर मुद्दाम पुरावा लपवत होतं. कुणावर गेलंय ते उघडच आहे.

चालताना खाली बसणं हे तिचं तिनंच शोधलेलं औषध होतं. गुडघे पोटाशी घेतले की रक्त फुप्फुसाकडे ढकललं जातं म्हणे. आता झटका आला की आम्ही तिचे गुडघे छातीशी दुमडून धरतो. सासूबाई आमच्यापेक्षा पटकन शिकल्या. परवा त्यांनीच धरले, एका हातानं, दुसऱ्या हातानं तिला थोपटत. "भाजी विकायला बसलीये" असं आता कुणी म्हणत नाही.

तेवीस तारखेला ऑपरेशन आहे. तोपर्यंत झटके येऊ नयेत म्हणून औषध चालू आहे. ती रडू नये म्हणून घरात सगळे चवड्यांवर चालतात. हातातून वाटी पडली तरी मी आधी तिच्या छातीकडे बघते. कामावर रजा टाकली आहे. रंग बघवत नाहीत.

धाकटी

१५ मार्च

ताई,

आज डॉक्टर बाईंनी बोलावून घेतलं. टेबलावर एक जाड पाकीट होतं, तुझ्या अक्षरातलं. तू टिल्लूची सगळी फाईल पाठवलीस. त्यांच्या नावानं, माझ्या नव्हे. बरोबर केलंस.

त्यांनी टिल्लूचा छातीचा एक्स-रे उजेडावर धरला. मी नको म्हणत होते, तरी बघितला. एवढीशी छाती. त्या म्हणाल्या, "न्यूमोनियात फुप्फुस पांढरं दिसतं, भरलेलं. ही फुप्फुसं काळी आहेत, हवी त्यापेक्षा जास्त काळी. यांच्यात रक्तच पोचत नव्हतं. आणि हृदयाचा आकार बघा, टोक वर उचललेल्या बुटासारखा." मग त्यांनी ठकीचा एक्स-रे शेजारी लावला. मी आयुष्यभर दोन तुकडे शेजारी ठेवून जुळतात का ते बघत आले. हे जुळत होते.

मग त्या फाईल माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "पाठवणाऱ्यांनी एक पान तुम्हाला दाखवायला सांगितलंय."

तुमच्या तेव्हाच्या डॉक्टरांच्या हातचं पान. तीन ओळी. "वारंवार धाप. आईला वाटते, ओठ निळे होतात. मावशीकडे दिवसभर असते. मावशी रंगाच्या कारखान्यात आहे, नजर तयार. तिच्या मते निळेपणा नाही. हृदयाची शंका सोडली. छातीचे औषध सुरू."

'निळेपणा नाही' आणि 'शंका सोडली' या दोन वाक्यांखाली रेघ आहे. शाई जुनी आहे, ताई. म्हणजे ती तू आत्ता ओढलेली नाहीस. तू ते सहा वर्षं वाचत आलीस, आणि मी खोटं बोलले की चुकले एवढंच तुला कळत नव्हतं. मी तिथंच खाली बसले. डॉक्टर बाईंनी पाणी दिलं. मी ठकीसाठी रडते आहे असं त्यांना वाटलं, आणि मी तसं वाटू दिलं. बघ, अजूनही खोड जात नाही.

पानाला तुझी चिठ्ठी टाचलेली होती. "तेव्हाच ओळखलं असतं तर माझी मुलगी वाचली असती का, हे त्यांना विचार. मला माझ्या वॉर्डात कुणाला विचारवत नाही. जे सांगतील ते तसंच लिही."

आज माझ्यानं विचारवलं नाही. विचारीन.

धाकटी

२८ मार्च

ताई,

ऑपरेशनला पाच तास लागले. भोक बुजवलं, वाट मोकळी केली. दोन दिवस ती नळ्यांमध्ये होती आणि मला काचेतूनच दिसायची. तिसऱ्या दिवशी आत सोडलं. मला बघताच तिनं भोकाड पसरलं. माझे हात आपोआप तिच्या गुडघ्यांकडे गेले. तिथल्या परिचारिकेनं मला थांबवलं. "रडू द्या. आता रडली तरी चालतं," म्हणाली. ती रडत राहिली, लालबुंद झाली, आणि लालच राहिली. ठकीचे बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

काल डॉक्टर बाई तपासून गेल्यावर मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले आणि तुझा प्रश्न विचारला, तुझ्याच शब्दांत. टिल्लू कोण, निळेपणा कुणी बघितला आणि कुणी लपवला, तेही सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. त्या एक पायरी उतरल्या होत्या, ती परत चढून आल्या. फाईल त्यांनी नीट वाचली होती. म्हणाल्या, टिल्लूचं अकरा महिने हे ऑपरेशनचं वय होतंच. वजन चांगलं होतं. इतर दोष दिसत नाही. शंभर टक्के खात्री कुठलाही डॉक्टर देणार नाही. आणि शेवटी म्हणाल्या, "बहुतेक."

रात्रभर ठकीच्या उशाशी बसून विचार केला, की तुला काय लिहू. खात्री नाही असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. तुलाही झोप लागली असती, मलाही. पण तू मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारलीस आणि तिचं मी दर वेळी खोटं उत्तर दिलं. त्या "बहुतेक"चा अर्थ मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

हो, ताई. ती वाचली असती.

धाकटी